थारच्या वाळवंटात रिकामी जमीन नसते

जैसलमेरला जाणाऱ्यांचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. सोनार किल्ला, पटवांची हवेली, समच्या वाळूच्या टेकड्यांवर उंटाची सवारी आणि वेळ उरलाच तर कुलधरा हे ओस पडलेलं गाव. या ठिकाणांच्या मधे गाडीच्या खिडकीतून जे दिसतं त्याकडे कोणी फारसं पाहत नाही. खडकाळ माळ, खुरटी झुडपं, अधूनमधून मातीचा लांबलचक उंचवटा. सरकारी दप्तरातही यातल्या मोठ्या भागावर ‘पडीक’ असा शिक्का आहे. थारचा कमी माहीत असलेला वारसा नेमका या पट्ट्यात आहे. इथल्या जवळपास प्रत्येक तुकड्याला नाव आहे, नेमून दिलेलं काम आहे आणि ते काम पिढ्यान्‌पिढ्या करणारा समाज आहे. ते काम कळलं की हा माळ वाचता येतो. न कळता त्याला हात लावला, तर काय काय मोडतं हे पुढे येईलच.

आधी पावसाचा हिशेब. जैसलमेर जिल्हा सुमारे ३८,४०० चौरस किलोमीटरचा, म्हणजे जवळजवळ केरळ राज्याएवढा. वर्षाचा सरासरी पाऊस २०० मिलीमीटरच्या आतच. तोही जुलै ते सप्टेंबरमधल्या मोजक्या सरींत पडून जातो. एवढ्यावर माणसं आणि गुरं शतकानुशतकं टिकली, कारण इथे पाण्याच्या जाती ओळखून प्रत्येकीसाठी वेगळी सोय केली गेली.

स्थानिक लोक पाणी तीन प्रकारचं मानतात. पावसाचं, जमिनीवरून वाहत येणारं ते पालर. खोल विहिरीतलं ते पाताळ पाणी, जे बऱ्याच ठिकाणी खारं निघतं. तिसरं रेजाणी. पाऊस वाळूत मुरला, पण खालच्या खाऱ्या पाण्यापर्यंत पोचलाच नाही, असं मधल्यामधे अडकलेलं पाणी म्हणजे रेजाणी. जैसलमेर, बाडमेर, बिकानेर, चुरू या भागांत काही ठिकाणी वाळूखाली जिप्समचा किंवा चिकण खडूसारख्या मातीचा थर आहे. तो पाणी खाली जाऊ देत नाही. वर वाळूचा जाड थर असल्याने ऊनही तिथवर पोचत नाही. आपल्याकडची काळी माती सुकताना तडकते आणि त्या भेगांतून ओल उडून जाते. वाळूचे कण एकमेकांना धरूनच नसतात, त्यामुळे भेगा पडत नाहीत आणि आतली ओल आतच राहते.

ही ओल काढायची सोय म्हणजे कुई. विहिरीसारखीच खोल, पण अगदी अरुंद. अरुंदपणा इथे फार महत्त्वाचा. दिवसभरात झिरपून येणारं पाणी दोन-तीन घडे भरतील एवढंच असतं. तळ रुंद ठेवला तर ते बोटभर पसरेल, चडस, म्हणजे पाणी काढायची छोटी बादली, बुडणार नाही आणि पाणी उडूनही जाईल. अरुंद तळात तेच पाणी उभं राहतं. तोंडावर झाकण असतं आणि पाणी दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी काढतात. मधेच कोणी उपसलं तर सगळ्यांच्याच वाट्याला गाळ येतो.

कुई खोदणारे ते चेजारो. आत फावडं-कुदळ चालवायला जागाच नसते, म्हणून बसौली नावाच्या आखूड दांड्याच्या अवजाराने उकिडवं बसून खोदतात. खाली दम कोंडतो. वरची माणसं अधूनमधून मूठ-मूठ वाळू जोरात खाली टाकतात; तिच्याबरोबर ताजी हवा खाली जाते आणि गरम हवा वर येते. डोक्यावर पितळेचं किंवा दुसऱ्या धातूचं भांडं टोपीसारखं घालतात, म्हणजे पडणाऱ्या वाळूचा मार बसत नाही. खरा धोका भिंत ढासळण्याचा. वाळू उभी राहत नाही आणि दगड मिळेलच असं नाही. मग खींप नावाच्या झुडपाचा जाड दोर वळून तो तळापासून वेटोळ्यांवर वेटोळी रचत वर आणतात आणि या दोराच्या भिंतीने वाळू थोपवतात. पाच हात व्यासाच्या, तीस हात खोल कुईला साधारण चार हजार हात दोर लागतो. दोर कमी वळला किंवा वेटोळी सैल बसली, तर कुई खोदणाऱ्याच्या अंगावर येते. म्हणून दोर वळण्याचं काम खोदाईइतक्याच काळजीने करावं लागतं.

मालकीची रीतही समजून घेण्यासारखी आहे. कुई एका घराची, पण ती असते गावाच्या सामाईक जमिनीत. खालची ओल सगळ्यांची मिळून एकच, म्हणून नवी कुई काढायला गावाची संमती लागते. एक कुई वाढली की आधीच्या प्रत्येक कुईचा वाटा थोडा घटतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

हाच थर उलटतोही. ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेर जिल्ह्यात काही दिवसांत वर्षभराच्या सरासरीहून कितीतरी जास्त पाऊस कोसळला. कवास आणि आसपासची गावं बुडाली. पाणी मग महिनोन्‌महिने हटलं नाही, कारण खालच्या जिप्समने ते मुरूच दिलं नाही.

खडीन : पंधरा एकरांचं पाणी एका एकराला

थारची सर्वांत हुशार रचना कोणती असं विचारलं, तर आमचं उत्तर खडीन. हे काम पालीवाल ब्राह्मणांचं. मूळचे पालीचे, म्हणून पालीवाल. पंधराव्या शतकापासून त्यांनी जैसलमेरच्या परिसरात खडिनी बांधल्या. जमीन राजाची, बांधकाम आणि शेती यांची, आणि पिकाचा चौथा हिस्सा राजाला, असा व्यवहार होता.

खडिनीचे भाग तीन. वरच्या अंगाला मगरा, म्हणजे खडकाळ, उताराचा माळ. तिथे पाणी मुरत नाही, थोडी सर आली तरी वाहू लागतं. खालच्या अंगाला सखल, खोल मातीची जमीन. या जमिनीच्या शेवटी उताराला आडवा मातीचा बांध. उंची साधारण दीड ते साडेतीन मीटर, लांबी शंभर ते तीनशे मीटर, आणि दोन्ही टोकं वरच्या बाजूला वळवलेली. बांधात एक दगडी सांडवा, त्याला तिथे नेष्टा म्हणतात. सगळ्यांत सखल जागी, तळाशी एक मोरी. मगरा आणि शेत यांचं प्रमाण बारा-पंधरास एक असं ठेवतात.

आकडे मांडून पाहू. खडीन एक हेक्टर, मगरा पंधरा हेक्टर. वर्षाचा पाऊस १६० मिलीमीटर आणि त्यातला पाचवा हिस्सा मगऱ्यावरून वाहून आला, असं धरू. म्हणजे मगऱ्याच्या दर हेक्टरमागे ३२ मिलीमीटर. त्याची पंधरा पट ४८०. शेतावर थेट पडलेले १६० त्यात मिळवले की ६४० मिलीमीटर झाले. ही मराठवाड्यातल्या सरासरी पावसाळ्याची बरोबरी. म्हणूनच थारमध्ये, कुठलंही सिंचन नसताना, गहू आणि हरभरा पिकतो.

पावसाळाभर खडिनीत पाणी उभं असतं. ते हळूहळू मुरतं, बरोबर आणलेला गाळ मातीवर पसरतं आणि मातीतले क्षार खाली ढकलतं. नोव्हेंबरच्या आसपास पाणी आटतं. उरलेलं असलं तर मोरीतून सोडून देतात. पाऊल रुतणार नाही इतपत जमीन आली की पेरणी. त्यानंतर पिकाला वरून पाणी द्यावं लागत नाही, मातीतल्या ओलीवरच ते काढणीला येतं. पाऊस बेताचा झाला आणि खडीन भरली नाही, तर पाणी ओसरण्याची वाट न पाहता बाजरी किंवा गवार घेतात. बांधाच्या खालच्या अंगाला विहीर खणली तर झिरपून आलेलं गोडं पाणी लागतं, हा वरचा फायदा.

बिघडतं कुठे? पहिली चूक नेष्ट्याची. जास्त पाणी साठावं म्हणून त्याची पातळी वाढवली, की मोठ्या पावसात पाणी बांधाच्या माथ्यावरून जातं. मातीचा बांध एकदा माथ्यावरून वाहू लागला की काही तासांत फुटतो. दुसरी गोष्ट उंदरांची बिळं. वाळवंटी उंदीर बांध पोखरतात, पाणी त्या वाटेने शिरतं आणि आतून माती नेतं. म्हणून पावसाळ्याआधी बांधावरून चालत जाऊन प्रत्येक बीळ ठोकून बुजवावं लागतं. तिसरी, मोरी बुजणं. पाणी वेळेवर निघालं नाही तर पेरणी लांबते आणि क्षार वर राहतात. चौथी चूक सगळ्यांत वाईट, कारण ती करणाऱ्याला आपण काही केलं हे कळतही नाही. मगऱ्यावरून रस्ता काढला, खाण सुरू केली किंवा माळ सपाट करून कुंपण घातलं, तर शेत जागेवर राहतं आणि त्याचं पाणी जातं. पुन्हा एका खडिनीचा नेष्टा बहुधा खालच्या खडिनीकडे वाहतो, तेव्हा वरची एक बंद पडली की खालच्याही उपाशी राहतात.

कुलधऱ्याची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. दिवाण सालमसिंगाची वाईट नजर, एका रात्रीत गाव सोडून गेलेले पालीवाल, त्यांचा शाप आणि भुतं. गाव ओस पडलं ते एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमारास. पाणी कमी होत जाणं आणि करांचा जाच, ही कारणं अभ्यासक मांडतात. भुतांच्या कथेने एक नुकसान केलं: माणसं पडक्या भिंतींचे फोटो काढून परत फिरतात, आणि ज्या कामासाठी पालीवालांची आठवण ठेवायला हवी ते पाहायचंच राहतं. पालीवाल गेले, तरी त्यांच्या परिसरातल्या कितीतरी खडिनींत आजही दुसरे शेतकरी पेरणी करतात. जोधपूरच्या ‘काझरी’ने, म्हणजे केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने, या पद्धतीचा अभ्यास केला आहे.

टांका

घरच्या पिण्याच्या पाण्यासाठी टांका. जमिनीखालचा गोल हौद आणि भोवती त्याच्याकडे उतरता, ठोकून घट्ट केलेला मोकळा फेर. त्या फेराला आगोर म्हणतात. एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, एवढं लक्षात ठेवलं की बाकीचं सोपं. सहा माणसं, माणशी रोज १० लिटर फक्त पिण्या-रांधण्याला, म्हणजे वर्षाला २१,९०० लिटर. १५० मिलीमीटर पावसातला तिसरा हिस्सा हौदात आला, तर दर चौरस मीटरमागे ५० लिटर मिळतात. म्हणजे सुमारे ४४० चौरस मीटर आगोर हवा. आगोर त्याहून लहान असेल तर हौद कितीही मोठा बांधला तरी भरणार नाही. नव्याने टांका बांधणाऱ्यांची हीच चूक जास्त होते. पैसा हौदावर जातो आणि आगोर उरकला जातो.

पावसाआधी आगोर झाडून घेतात. तिथे चपला घालून जायचं नाही, गुरं फिरकू द्यायची नाहीत, लहान मुलाला तिथे बसवायचं नाही. हौदाच्या तोंडाला जाळी, आत येण्याआधी गाळ बसायला छोटा खड्डा. झाकण घट्ट हवं. आत उजेड शिरला की शेवाळ धरतं. उन्हाळ्यातही हौद अगदी कोरडा करत नाहीत, कारण चुन्याचा गिलावा सुकून तडकतो.

ओरण, उंट आणि राईका

आपल्याकडे सह्याद्रीत देवराया आहेत. थारमध्ये त्याच जातीची गोष्ट म्हणजे ओरण. देवाच्या नावाने राखलेलं रान. फरक एवढाच की आपली देवराई गर्द झाडीची असते आणि ओरण म्हणजे बहुतांशी गवताळ माळ. खेजडी, केर, बोर, जाळ, कुमट, रोहिडा ही झाडं आणि खाली सेवण गवत. नियम गावागणिक थोडे बदलतात, पण गाभा एकच: कुऱ्हाड चालवायची नाही, वाळून पडलेलंच लाकूड न्यायचं, नांगर घालायचा नाही, चराई मात्र मोकळी. शिवाय ओरणातून वाहणारं पाणी बहुधा गावच्या तळ्याला मिळतं, म्हणजे ते त्या तळ्याचं आगोरही असतं.

जैसलमेर जिल्ह्यातलं सांवता गावाजवळचं देगराय मातेचं ओरण सुमारे ६० हजार बिघ्यांचं मानलं जातं. महसुली नोंदीत त्यातला काही भागच ओरण म्हणून चढलेला आहे आणि वादाचं मूळ तिथेच आहे. नोंद नसलेली जमीन कागदावर सरकारी पडीक ठरते आणि सौर किंवा पवनऊर्जा प्रकल्पाला देता येते. सौरऊर्जा हवीच. पण गायी-उंटांचं कुरण, तळ्याचं आगोर आणि माळढोकाचं घर असलेली जमीन ‘रिकामी’ समजून देणं ही गंभीर चूक आहे. माळढोक, तिथला गोडावण, हा १५ किलोपर्यंत भरणारा जड पक्षी. त्याची समोरची नजर अधू, आणि या प्रकल्पांच्या विजेच्या तारा दिसेपर्यंत वळायला वेळ उरत नाही. सोलापूरच्या नान्नजला ज्याच्यासाठी अभयारण्य केलं, तोच हा पक्षी. जगात आता दीडशेच्या आत उरला असावा असा अंदाज आहे आणि त्यातले बहुतेक जैसलमेरच्या माळांवर. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या ओरणांचं जागेवर जाऊन आणि उपग्रहाद्वारे मोजमाप करून त्यांना जंगलाचा दर्जा देण्याचे निर्देश दिले. तेव्हापासून गावकऱ्यांचा सगळा जोर एकाच गोष्टीवर आहे: आपलं ओरण नोंदीत चढवून घेणं.

ओरण गेलं की सगळ्यांत आधी हलतो तो राईका. राईका, म्हणजेच रबारी, हा उंट आणि मेंढ्या पाळणारा समाज. त्यांचेच कच्छी भाऊबंद मेंढ्या आणि उंट घेऊन विदर्भात उतरतात, हे वर्धा-यवतमाळच्या लोकांनी पाहिलेलं आहे. सांडणी, म्हणजे उंटाची मादी, जवळपास तेरा महिने गाभण असते आणि दोन वेतांत साधारण दोन वर्षांचं अंतर पडतं. त्यामुळे एकदा टोळा, म्हणजे उंटांचा कळप, घटला की तो भरून यायला वर्षं लागतात. २०१२ च्या पशुगणनेत राजस्थानात सव्वातीन लाखांवर उंट होते. २०१९ मध्ये ते २ लाख १३ हजारांच्या आसपास आले.

कारणं एकात एक गुंतलेली आहेत. ओढकामाला ट्रॅक्टर आला. इंदिरा गांधी कालव्याखाली कुरणांची शेतं झाली, आणि ओलीबरोबर माश्या वाढल्याने सर्रा या रोगालाही वाव मिळाला. तिथे त्याला तिबरसा म्हणतात. उंट झिजत झिजत मरतो. मग २०१४ मध्ये उंटाला राज्यप्राणी केलं आणि २०१५ मध्ये कायदा करून त्याला राज्याबाहेर नेण्यावर निर्बंध घातले. हेतू चांगला होता. पण राईकांची कमाई नर उंट विकण्यावर चालत असे. बाहेरचा गिऱ्हाईक आटला, भाव पडले, आणि पोरं टोळा सोडून शहरात कामाला गेली. प्राण्याला कायद्याने जपलं, पाळणाऱ्याच्या पोटाचा विचार मात्र राहून गेला.

राईकांचा देव पाबूजी. मारवाडात उंट त्यांनीच आणले अशी श्रद्धा. पाबूजींची कथा भोपे लोक फड लावून गातात. फड म्हणजे पंधराएक फूट लांब चित्रित कापड. रात्री ते ताणून उभं करायचं, भोपा रावणहत्था हे गजाने वाजवायचं तंतुवाद्य वाजवत गातो, भोपी दिवा धरून त्या-त्या प्रसंगाचं चित्र उजेडात आणते आणि गाण्यात साथ देते. हे कापड त्यांच्या लेखी फिरतं देऊळच. फाटलं म्हणून ते विकत नाहीत. पुष्करच्या तळ्यात विसर्जन करतात, त्याला ‘ठंडी करणं’ म्हणतात. बाजारात मिळणारी छोटी फड सजावटीसाठी काढलेली असते, तेवढा फरक लक्षात असावा.

मांगणियार आणि कमायचा

मांगणियार आणि लंगा हे दोन्ही मुस्लिम गायक-वादक समाज. मांगणियारांचे यजमान बहुतांशी हिंदू राजपूत, लंगांचे सिंधी-सिपाही मुस्लिम. यजमानाच्या घरी जन्म, लग्न, मृत्यू, प्रत्येक प्रसंगाची गाणी ठरलेली. कुळाची वंशावळ मांगणियाराला तोंडपाठ असते आणि देवीची भजनंही तोच गातो. बदल्यात धान्य, जनावर, कपडे, रोख. हा हक्क वडिलांकडून मुलाकडे जातो.

त्यांचं खास वाद्य कमायचा. आंब्याच्या लाकडाचा वाडग्यासारखा गोल भोपळा, वर बकऱ्याचं चामडं, तीन मुख्य तारा तांतीच्या, म्हणजे आतड्याच्या, आणि बाकीच्या पोलादी तरफेच्या, ज्या नुसत्या झंकारतात. गज घोड्याच्या केसांचा. आवाज सारंगीहून घोगरा, भरदार. हवा दमट झाली की चामडं सैल पडतं, सूर हलतो आणि मैफलीत पुन्हा पुन्हा सूर लावावा लागतो. मुंबईच्या पावसाळ्यात ऐकायला गेलात तर ही थांबाथांब सहन करा. कमायचा घडवणारे कारागीर मोजके राहिले आणि सोयीची पेटी हाती आली, म्हणून हॉटेलांच्या कार्यक्रमांत कमायचा क्वचितच दिसतो. हमीरा गावचे साकर खाँ हे या वाद्याचे मोठे वादक होते; २०१२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

जायचं असेल तर

खडिनीत पाणी पाहायचं असेल तर ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर, आणि हिरवा गहू-हरभरा पाहायचा असेल तर जानेवारी-फेब्रुवारी. कुलधरा पाहून परत न फिरता पुढे खाभ्यापर्यंत जा किंवा रूपसीची वाट धरा. उताराला आडवा मातीचा लांब उंचवटा दिसला की गाडी थांबवा, नेष्टा शोधा आणि तिथून वर मगऱ्याकडे बघा; सगळी रचना एका नजरेत येते. ओल्या खडिनीत पाय घालू नका, पेरणीची जमीन दबते. टांक्याजवळ पाणी मागितलं तर मिळेल, पण आगोराच्या कडेलाच चपला काढा आणि हौदात स्वतः भांडं बुडवू नका. देगरायच्या ओरणात सकाळी लवकर जा, गाडी मळलेल्या वाटेवरच ठेवा आणि ड्रोन उडवू नका.

गाणं ऐकायचं असेल तर समच्या तंबूंतल्या कार्यक्रमाऐवजी मांगणियारांच्या गावात बैठक ठरवा. पैसे आधी बोलून घ्या आणि ते थेट कलावंतांच्या हाती द्या. कमायचा आहे का, हे विचारून घ्या. नुसतं ‘निंबूडा’ मागितलं तर तेच मिळेल. जांगडा किंवा लग्नाची बधावा गाणी मागितलीत, तर यजमानाच्या अंगणात गायलं जाणारं गाणं ऐकायला मिळेल. परतीच्या वाटेवर जोधपूरजवळ मोकलावासला लोककलेचे अभ्यासक कोमल कोठारींनी उभं केलेलं ‘अरणा झरणा’ संग्रहालय आहे. तिथला मुख्य विषय झाडू. कुठल्या भागात कशाचा झाडू करतात, यावरून तिथली जमीन, गवत आणि माणसं कशी ओळखायची ते तिथे मांडून दाखवलं आहे. अर्धा दिवस हाताशी ठेवा.